थांबवता येणारा कॉम्प्युटर: झेड८० घरी जोडण्याचा माझा अनुभव

घरी आठ बिटचा कॉम्प्युटर जोडायचा म्हटलं की पहिला वाद प्रोसेसरवरून होतो. एकीकडे १९७५ चा ६५०२, दुसरीकडे १९७६ चा झेड८०. दोन्ही ४० पिनांचे, दोन्ही ५ व्होल्टवर चालणारे, दोघांच्याही आवाक्यात ६४ किलोबाइट मेमरी. ६५०२ आजही नवा कोरा मिळतो. झेड८० बद्दल मात्र तो बनवणाऱ्या झायलॉग कंपनीने एप्रिल २०२४ मध्ये सांगून टाकलं, की सुट्या चिपच्या शेवटच्या ऑर्डरी १४ जूनपर्यंतच घेऊ. शहाण्या माणसाने ६५०२ घ्यावा. मी झेड८० घेतला, कारण मला पुढेमागे सीपी/एम ही जुनी ऑपरेटिंग सिस्टीम चालवायची होती आणि मूळ सीपी/एम इंटेलच्या ८०८० प्रोसेसरच्या कुळातच चालतं, झेड८० त्याच कुळातला.

घेताना अट एकच ठेवली: चिप सीमॉस (चिप बनवण्याची नवी, कमी वीज खाणारी पद्धत) हवी, म्हणजे झेड८४सी०० मालिकेतली. तिचा क्लॉक, म्हणजे चिपला पुढे चालवणारे ठोके, कितीही हळू करता येतो, चक्क बंदही ठेवता येतो, आणि रजिस्टरमधलं (चिपच्या आतल्या छोट्या साठ्यातलं) काही हरवत नाही. एनमॉस या जुन्या पद्धतीच्या चिपकडून ही हमी नाही. हातातला फोन असा मधेच थांबवून आत काय चाललंय ते बघता येईल का? इथे येतं, आणि या छंदाची खरी मजा मला त्यातच वाटते.

पहिल्या टप्प्यात मेमरी नाही, कीबोर्ड नाही, काहीच नाही. नुसती चिप, क्लॉकचे ठोके देणारा एक ५५५ टायमर आणि अ‍ॅड्रेस बसवर (मेमरीचा पत्ता सांगणाऱ्या तारांवर) एलईडींची रांग. डेटाच्या आठही पिना १० किलोओहमच्या रेझिस्टरने ग्राउंडला बांधल्या. चिप जे वाचेल ते ००, आणि झेड८० च्या भाषेत ०० म्हणजे नोप, काहीही करू नकोस. त्यामुळे ती एकेक पत्ता पुढे सरकत राहते. डेटाच्या पिना ओळीने असतील असं समजून बसू नका. ७ व्या पिनपासून क्रम आहे डी४, डी३, डी५, डी६, मग मधेच ११ व्या पिनवर ५ व्होल्ट, मग डी२, डी७, डी०, डी१. हा क्रम कागदावर मोठ्या अक्षरात लिहून समोर चिकटवला.

५५५ सुमारे १० हर्ट्झवर लावला. रीसेट सोडला आणि एलईडी बायनरीत मोजू लागले. एका नोपला ४ ठोके लागतात, म्हणजे ए७ (पत्त्याची आठवी तार, मोजणी ए० पासून) पेटायला ५० सेकंदांच्या वर वाट पाहायची. तो पेटला, पण स्थिर राहीना. दोन ठोके चालू, दोन ठोके बंद. खालचे सात दिवे शहाण्यासारखे मोजतायत आणि हा एकटा लुकलुकतोय. वायर हलवून पाहिली, एलईडी बदलला, फरक शून्य. उत्तर डेटाशीटच्या टायमिंगच्या आकृतीत सापडलं. झेड८० प्रत्येक सूचना वाचल्यावर पुढचे दोन ठोके डायनॅमिक रॅमच्या रीफ्रेशसाठी (तिच्यातलं साठवलेलं पुसू नये म्हणून ते ताजं करायला) वापरतो. त्या वेळी अ‍ॅड्रेस बसवर प्रोग्रॅमचा पत्ता नसतो. खालच्या सात तारांवर आर रजिस्टर असतं आणि वरच्या आठांवर आय रजिस्टर. रीसेटनंतर दोन्ही शून्य. आर सुद्धा पत्त्याबरोबरच एकेकाने वाढतं, म्हणून १२७ पर्यंत फरक दिसतच नाही. १२८ ला पत्त्याचा ए७ एक होतो, आरचा आठवा बिट मात्र शून्यावरच राहतो. बिघाड कुठेच नव्हता, चिप तिचं काम चोख करत होती. पूर्ण वेगाने चालवली असती तर हे डोळ्यांना कधी दिसलंच नसतं.

डब्ल्यूएआयटी, बसरिक्वेस्ट, आयएनटी आणि एनएमआय या चार पिना (बाहेरून चिपला थांबवणाऱ्या किंवा मधेच टोकणाऱ्या) रेझिस्टरने ५ व्होल्टला बांधाव्यात, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. का, ते पाहायला मी मुद्दाम डब्ल्यूएआयटी मोकळी सोडली. बोर्डावरून हात फिरवला की मोजणी अडखळायची, हात बाजूला घेतला की पुन्हा सुरू. एकदा हे पाहिलं की मोकळी पिन सोडायची हिंमत होत नाही.

दुसरा टप्पा रॉमचा, आणि सगळ्यात जास्त वेळ इथेच गेला. २८सी२५६ ही ३२ किलोबाइटची, विजेनेच पुसता येणारी रॉम. ती लिहायला तयार प्रोग्रॅमर मिळतात, पण मला तोही घरीच करायचा होता: एक आर्डुइनो (प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड) आणि पत्त्यासाठी ७४एचसी५९५ चे दोन शिफ्ट रजिस्टर (एका तारेवरून आलेले बिट आठ पिनांवर मांडणारे). लिहिलेलं वाचून पाहिलं तर जुनंच सगळं जागच्या जागी. या चिपमध्ये लिहिण्याला सॉफ्टवेअरचं कुलूप असतं आणि माझ्या हाती आलेल्या चिपा कुलूप लावलेल्याच होत्या. ते उघडायला ठरावीक पत्त्यांवर ठरावीक सहा बाइट लिहायच्या (आकडे हेक्समध्ये, म्हणजे १६ च्या पायावर): ५५५५ वर एए, २एएए वर ५५, ५५५५ वर ८०, मग पुन्हा एए, ५५ आणि शेवटी २०. बाइट बरोबर होत्या, क्रम बरोबर होता, तरी कुलूप ढिम्म.

मेख होती वेळेत. दोन बाइटमधलं अंतर १५० मायक्रोसेकंदांच्या आत हवं, नाहीतर चिप मालिका तुटली असं समजते. आर्डुइनोचं तयार शिफ्टआउट फंक्शन एक बाइट सरकवायलाच १०० मायक्रोसेकंदांहून जास्त घेतं, आणि पत्त्याला तर दोन बाइट लागतात. तयार फंक्शन काढून थेट पोर्ट रजिस्टरवर लिहिणारा कोड केला आणि पहिल्या फटक्यात कुलूप उघडलं. आर्डुइनो वापरणाऱ्यांनी हे आधीच करून ठेवावं, दोन संध्याकाळी वाचतील.

पहिला प्रोग्रॅम पाच बाइटचा: ३ई ५५ डी३ ०० ७६. ए रजिस्टरमध्ये ५५ घ्या, ० नंबरच्या पोर्टवर पाठवा, थांबा. पोर्ट म्हणजे पाठवलेली बाइट धरून ठेवणारी ७४एचसी५७४ चिप आणि त्यापुढे आठ एलईडी. एकाआड एक चार दिवे पेटले आणि हॉल्ट पिनवरचा दिवा लागला. आता मशीन माझं लिहिलेलं काहीतरी करत होतं.

पोर्ट हाताशी आल्यावर एक शंका फेडून घेतली. सुट्यात घेतलेल्या झेड८० पैकी एका चिपवरची अक्षरं जरा जास्तच ताजी दिसत होती आणि चालताना ती कोमट व्हायची. जुन्या चिपा घासून त्यावर नवं नाव छापण्याचा धंदा जोरात आहे, हे छंदातल्या सगळ्यांना ठाऊक असतं. तपासायची सोपी युक्ती आहे. ईडी ७१ ही कागदोपत्री नसलेली सूचना एनमॉस झेड८० वर पोर्टला ०० पाठवते, सीमॉसवर एफएफ. पोर्ट एकच असल्याने पत्त्याचा प्रश्न नव्हता. चांगल्या चिपवर आठही दिवे लागले, कोमट चिपवर सगळे विझले. नाव सीमॉसचं, पोट एनमॉसचं. ती बाजूला ठेवली, चालते तर चालते.

रॅम जोडणं त्यामानाने किरकोळ. ६२२५६ ची ३२ किलोबाइटची चिप, ए१५ शून्य असेल तर रॉम, एक असेल तर रॅम. एक इन्व्हर्टर आणि दोन ऑर गेट, झालं. रॅम आली की स्टॅक (परतीचे पत्ते ठेवायची जागा) आला आणि स्टॅक आला की कॉल-रिटर्न वापरता येतात. तोवर सगळा कोड जंप लावून लिहावा लागतो आणि तो पाहवत नाही.

सिरियलसाठी, म्हणजे एका तारेवरून एकेक बिट अक्षरं पाठवायला-घ्यायला, ६८बी५० चिप घेतली. तिच्यासाठी ७.३७२८ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल लावतात. आकडा विचित्र वाटतो, पण ६४ ने भागला की नेमका १,१५,२०० बॉड (सेकंदाला इतके बिट) निघतो. तोच क्लॉक प्रोसेसरलाही दिला आणि इथे ब्रेडबोर्डने (सोल्डर न करता वायरी खुपसायचा बोर्ड, सगळं यावरच जोडलेलं) आपले रंग दाखवले. हळू चालणारं सगळं पूर्ण वेगात बिनसलं. स्क्रीनवर कधी बरोबर अक्षरं, कधी नुसता कचरा. मल्टिमीटर लावला तर बोर्डाच्या लांबच्या टोकाला ४.६ व्होल्टच पोचत होते. लांब ब्रेडबोर्डच्या पॉवरच्या पट्ट्या बऱ्याचदा मधोमध तुटलेल्या असतात, आणि त्या जोडणाऱ्या बारीक वायरींतच व्होल्ट गळतात. पॉवर दोन्ही टोकांनी दिली, प्रत्येक चिपच्या पिनांना चिकटून ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला, क्लॉकची वायर बोटभर ठेवली. कचरा थांबला.

मग १९७८ चं, ८ किलोबाइटमध्ये मावणारं मायक्रोसॉफ्टचं बेसिक रॉममध्ये भरलं. 'मेमरी टॉप?' असा प्रश्न आला, एंटर दाबलं, मोकळ्या बाइटचा आकडा आला आणि खाली 'ओके'. लांब प्रोग्रॅम पेस्ट केला तर मधली अक्षरं गळायची. आरटीएसची (पाठवणाऱ्याला थांबवणारी) तार जोडल्यावर मशीन स्वतःच 'थांब' म्हणायला लागलं.

आता गाडी सीपी/एमवर. तिथले प्रोग्रॅम ०१०० या पत्त्यावर चढतात, म्हणजे तळाला रॅम हवी, आणि तळाला तर रॉम बसलेली आहे. त्यासाठी एक ७४एचसी७४ (चालू की बंद हे लक्षात ठेवणारी चिप) लावतोय: सुरुवातीला रॉम दिसते, एका पोर्टवर लिहिलं की ती बाजूला होते आणि त्या जागी रॅम येते. अडचण अशी, की रॉम बंद करणारी सूचना रॉममधूनच चालली तर तिच्या पुढची सूचना वाचायला रॉमच नसते. म्हणून तेवढा तुकडा आधी वरच्या रॅममध्ये नेऊन तिथून चालवायचा. डिस्क म्हणून कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड लावणार आहे. सगळीच कार्डं आठ बिटचा मोड मानत नाहीत, तेव्हा वेगवेगळ्या बनावटीची काही जमवून ठेवली आहेत.