तुम्ही विचारलंत म्हणून: पंपाची सवय लागते का?

दम्याची चिठ्ठी माझ्या मेडिकलच्या काउंटरवर ठेवून माणसं आवाज खाली आणतात आणि मला विचारतात, ‘ताई, पंपाऐवजी (म्हणजे इनहेलरऐवजी) गोळ्या चालतील का? पंपाची सवय लागते म्हणतात.’ विचारणारी लग्नाच्या वयाच्या मुलीची आई असेल, तर पंप कुणाच्या नजरेस पडेल ही धास्तीही त्या प्रश्नात असते.

सवय लागत नाही. दमा म्हणजे श्वासनलिकांना येणारी सूज. ती वारंवार येते म्हणून औषध लागतं. आणि गोळी सौम्य नाही. श्वासनलिका मोकळ्या करणाऱ्या सालब्युटामॉल या औषधाची एक गोळी ४ मिलिग्रॅमची असते, पंपाच्या एका दाबात तेच औषध १०० मायक्रोग्रॅम. म्हणजे एका गोळीत चाळीस दाबांचं औषध, तेही पोटातून रक्तात जाऊन अंगभर फिरणारं. त्यानेच हात थरथरतात, छातीत धडधडतं.

मला काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. धाप लागल्यावर ओढायचा सालब्युटामॉलचा पंप नळ्या तेवढ्यापुरत्या मोकळ्या करतो, सूज तशीच राहते. ती उतरवतं रोज ओढायचं स्टेरॉइड, आणि जरा बरं वाटलं की लोक बंद करतात ते नेमकं हेच. २०० दाबांचे असे आरामाचे पंप वर्षाला तीन किंवा जास्त लागत असतील, तर मोठा झटका येण्याचा धोका वाढतो. बारा लागत असतील तर जिवाचाही. म्हणूनच ‘जीना’ या दम्यावर काम करणाऱ्या जागतिक संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांनी २०१९ पासून मोठ्यांना आणि किशोरवयीन मुलांना नुसत्या सालब्युटामॉलवर ठेवू नका, असं सांगितलं आहे. कोण किती पंप नेतं हे डॉक्टरांच्या आधी मेडिकलवाल्याला कळतं. महिन्याच्या महिन्याला पंप मागणाऱ्याला मी थांबवते, रात्री धापेने जाग येते का विचारते आणि डॉक्टरांकडे परत पाठवते. काही जण चिडतात. चिडू देत.

मग मी पंप ओढून दाखवायला सांगते. आधी हलवायचा, श्वास पूर्ण सोडायचा, सावकाश आत घेता घेता दाबायचा आणि दहा सेकंद रोखायचा. काही पंपांत कॅप्सूल घालून तिच्यातली पावडर ओढतात, ती मात्र जोरात ओढावी लागते. ती कॅप्सूल पाण्याबरोबर गिळणारेही असतात. लहान मुलांना आणि वयस्कर माणसांना स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी, लावला की सोपं जातं. स्टेरॉइडनंतर चूळ भरायचीच, नाहीतर तोंडात बुरशी येते.

कंबरदुखीची गोळी मागितलीत तरी मी दम्याचं विचारणार, कारण डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेनने काहींचा दमा उसळतो. काचबिंदूचे टिमोलॉलचे थेंबसुद्धा दमेकऱ्याला बाधू शकतात, आणि डोळ्याच्या डॉक्टरांना दम्याबद्दल सांगायचं बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही.

पंप ओढूनही आराम पडत नसेल, एक वाक्य सलग बोलता येत नसेल, तर मेडिकलमध्ये येऊन वेळ घालवू नका. पंप ओढत थेट हॉस्पिटल गाठा.