एकशे वीस कमळं

‘वेदपाठशाळेतली मुलं म्हणजे सगळं पाठांतर. त्यांच्या डोक्यात गणित शिरतं कसं?’ मी नाशिकला वेदपाठशाळेत गणित शिकवते, त्यामुळे पंचवटीत भाजी घेताना, लग्नकार्यात, मुलांच्या पालकांकडून हा प्रश्न मी सतत ऐकते. तुम्हीही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते.

पाठांतर आड येत नाही, उलट तेच कामी येतं. संथा, म्हणजे गुरुजींच्या मागून म्हणत घेतलेला पाठ, कशी चालते ते एकदा बसून ऐका. गुरुजी एकदा म्हणतात, मुलं दोनदा म्हणतात. स्वर चुकला की तिथंच थांबायचं, पुन्हा म्हणायचं. जुन्याची आवृत्ती झाल्याशिवाय नवं नाही. शाळेत शिकवत होते तेव्हा हीच सवय मुलांना लावता लावता माझा जीव मेटाकुटीला यायचा. इथं ती आयती मिळाली. म्हणून मी गणिताचीही संथाच देते. एकानं उदाहरण मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं वहीत न बघता आपल्या शब्दांत सांगायचं, मगच पेन्सिल उचलायची. आणि पावकी, निमकी, दीडकी, औटकी, म्हणजे पाव, अर्धा, दीड, साडेतीन यांचे पाढे, रोज. साडेतीनची पट तोंडात बसली की अपूर्णांकाची भीती निम्मी होते, असा माझा अनुभव आहे.

अडचण निराळीच आहे. मंत्रात चूक चालत नाही, आणि ते योग्यच आहे. पण हाच धाक मुलं गणितात घेऊन येतात. उत्तराची खात्री होईपर्यंत वहीला पेन्सिल लावत नाहीत. १७ नंबरचा फॉर्म भरून, म्हणजे खासगी विद्यार्थी म्हणून, दहावीला बसणारा एक मुलगा वीस-वीस मिनिटं कोरं पान समोर ठेवून बसायचा. डाव्या मुठीत खोडरबर घट्ट धरलेला. कधी एखादा आकडा लिहिलाच, तर पुढचा लिहायच्या आत पहिला खोडलेला. त्याला काही येत नव्हतं असं नाही, चुकायची सवय नव्हती.

त्याच्यासाठी मी लीलावती काढली. भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेल्या सिद्धांतशिरोमणी या ग्रंथाचा हा पहिला भाग, अंकगणिताचा. त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांच्या नातवानं, चांगदेवानं, मठ स्थापन केला, असं सांगणारा १२०७ चा शिलालेख चाळीसगावजवळ पाटण्याला आहे. नाशिकहून सकाळी निघालं तर दिवसात बघून परत येता येतं. मुलांना तिथं नेलंच पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

‘अमलकमलराशेः’ हा श्लोक मुलांनी स्वतःच अन्वय लावून सोडवला. ‘तुर्य म्हणजे चौथा भाग’ हे त्यांनीच मला सांगितलं. कमळांच्या राशीतला तिसरा हिस्सा शंकराला, पाचवा विष्णूला, सहावा सूर्याला, चौथा देवीला वाहिला आणि उरलेली सहा कमळं गुरूंच्या पायाशी. तर एकूण कमळं किती?

यावर ग्रंथातली रीत आहे इष्टकर्म. मनाला येईल तो आकडा उत्तर म्हणून धरायचा आणि गणित करत जायचं.

‘म्हणजे चुकीचा आकडा मुद्दाम घ्यायचा?’ त्यानं विचारलं.

‘हो. मुद्दाम.’

मी साठ घेतले. वीस, बारा, दहा, पंधरा, झाले सत्तावन्न. उरले तीन. हवेत सहा, म्हणजे दुप्पट. साठाची दुप्पट एकशे वीस.

मग त्याला म्हटलं, आता तुझा आकडा घे. त्यानं तीस घेतले. दहा, सहा, पाच, आणि साडेसात. पेन्सिल थांबली, खोडरबर पुढे सरकला. ‘बाई, साडेसात कमळं कशी वाहणार?’ म्हटलं, देवाला नको वाहूस, वहीत लिही. बेरीज साडेअठ्ठावीस. उरलं दीड. सहात दीड किती वेळा, हे दीडकीमुळे तोंडातच होतं. चार. तीस चोक एकशे वीस.

तो कितीतरी वेळ त्या पानाकडे बघत होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो आपणहून वही घेऊन आला. एकच कमळ धरून केलं होतं. उरला एक विसांश, सहाला विसानं गुणलं, पुन्हा एकशे वीस. त्याच पानावर वरच्या बाजूला सात धरून सुरू केलेलं आणि अपूर्णांकांत अडकून अर्धवट सोडलेलं गणित होतं. ते त्यानं खोडलं नव्हतं.