ज्वारीच्या भरलेल्या कांड्या : चाचणी ९ ते १६

मागची नोंद चाचणी ८ वर थांबली होती. तेव्हा कांडी यंत्रातून छान सुबक बाहेर पडायची आणि ओव्हनमध्ये गेली की फुटायची. गेले अडीच महिने मी त्या भेगांच्याच मागे होतो. आता भेगा गेल्या आहेत आणि त्या कशाने पडत होत्या हेही नक्की कळलं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. बाहेर ज्वारीच्या पिठाचं आवरण, आत शेंगदाणा-गुळाचं सारण, आणि दोन्ही एकाच वेळी एकाच तोंडातून बाहेर. करंजीसारखी कड दुमडायची नाही, पुरणपोळीसारखा उंडा भरायचा नाही. सलग दांडा निघतो, तो कापायचा आणि भाजायचा. कल्पना जुनी आहे. अमेरिकेत जेम्स हेन्री मिचेल यांनी १८९१च्या सुमारास नरसाळ्यात नरसाळं बसवलेलं यंत्र केलं. बाहेरच्यातून पीठ, आतल्यातून अंजिराचा गर. आपल्याकडे पीठ दाबून आकार देणारं यंत्र घरोघरी आहेच. माझं पहिलं यंत्र म्हणजे आईचा पितळी सोऱ्या आणि त्यात मधोमध धरलेली स्टीलची नळी. कांडी हे नाव आमच्या गल्लीतलं. सोलापुरात कांडी म्हटलं की आधी मागावरची सुताची कांडी आठवते, आणि आकारही तसाच आहे.

सध्याचं यंत्र असं. दोन उभे सिलिंडर शेजारी-शेजारी. पिठाचा आतून ६० मिमी, सारणाचा ४० मिमी. दोन्ही दट्टे एकाच जाड पट्टीला जखडलेले, आणि ती पट्टी चौकोनी आट्यांच्या स्क्रूने हाताने खाली उतरते. मोटर नाही, कंट्रोलर नाही. दट्टे बरोबरीने उतरत असल्यामुळे पीठ आणि सारण यांचं प्रमाण सिलिंडरच्या मापावरच ठरतं: २८२७ चौ. मिमीला १२५७, म्हणजे एकूण आकारमानात सारण जवळपास ३१ टक्के. आधी दोन वायपर मोटर लावून वेग जुळवत बसायचो. त्यात सहा चाचण्या गेल्या. घरगुती प्रमाणावर हे करणाऱ्याने दट्टे बांधून टाकावेत, असं माझं ठाम मत आहे.

चाचणी ९ आणि १०

तोंडाचा व्यास १८ मिमी. आतली नळी बाहेरून १०, आतून ८. चाचणी ९ मध्ये दांडा निघताच पृष्ठभागावर बारीक चिरा, आणि सारण आतून फुगून आवरणाला ताणतंय हे डोळ्यांना दिसत होतं. रात्री कागद घेऊन बसलो. आवरणाला बाहेर पडायला १७६ चौ. मिमी जागा, सारणाला ५०. म्हणजे साडेतीनास एक. दट्टे मात्र सव्वादोनास एक या प्रमाणात माल ढकलतात. मग सारण आवरणाच्या दीडपट वेगाने बाहेर येणारच. प्रमाण बरोबर असूनही वेग चुकू शकतो, हे तोवर माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एक लेथवाले अण्णा आहेत. पॉवरलूमचे सुटे भाग करण्यात त्यांची हयात गेली. त्यांच्याकडून नळी नवी करून घेतली : बाहेरून ११, आतून ९. आता प्रमाण अडीचास एक. सारण किंचित पुढे, पण चालण्यासारखं.

"अण्णा, नळी बरोबर मधोमध पाहिजे."

"मधोमध म्हंजे किती? अर्धा सूत हिकडं-तिकडं चालतंय का?"

"नाही अण्णा. आवरण साडेतीन मिलिमीटरचं आहे. अर्धा सूत सरकली तर एका बाजूला दोनच मिलिमीटर उरतं, आणि माल सगळा जाड बाजूनं पळतो."

त्यांनी नळी हातात फिरवून पाहिली. "मग आधी सांगायचं की. हे लूमचं काम नव्हं, घड्याळाचं हाय."

चाचणी १० मध्ये वेड्यावाकड्या चिरा गेल्या. उरल्या फक्त तीन. सरळ, कांडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

चाचणी ११ आणि १२ : तीन रेघा

या तीन भेगांनी मला सगळ्यात जास्त शिकवलं. आधी वाटलं, ओव्हन. १८० चं तापमान १६० वर आणलं, वेळ वाढवली, भेगा तशाच. मग वाटलं, सारणातल्या पाण्याची वाफ होते आणि ती वाट काढते. पाणी कमी केलं. भेगा थोड्या अरुंद झाल्या, पण तीनच आणि त्याच.

एका रविवारी भाजलेली कांडी टोकाकडून डोळ्यासमोर धरली. तिन्ही भेगा एकमेकींपासून सारख्या अंतरावर होत्या, घड्याळात १२, ४ आणि ८ वाजता. आणि आतली नळी मधोमध धरून ठेवणाऱ्या चकतीला पाय किती? तीन.

खात्री करायला साधा उपाय केला. तोंडाच्या कडेवर कानशीने एक खाच पाडली, म्हणजे कांडीच्या अंगावर बारीक उभी रेघ उमटते. एक घाणा तसाच काढला. मग चकती एक षष्ठांश फेरा फिरवून दुसरा घाणा काढला. पहिल्यात एक भेग अगदी खाचेच्या रेघेवर होती. दुसऱ्यात खाचेची रेघ दोन भेगांच्या बरोबर मध्ये आली. भेगा चकतीबरोबर फिरल्या होत्या!

कारण असं. पीठ पायांपाशी येतं तेव्हा तीन वाटांनी फुटतं आणि पुढे परत एकत्र येतं. बाहेर निघालेली कांडी अखंड दिसते, पण त्या तीन जागी पीठ नुसतं टेकलेलं असतं, जुळलेलं नसतं. गव्हाच्या कणकेत चिवट जाळं असतं, ते पुन्हा धरतं. ज्वारीत ते नाही. ओव्हनमध्ये आवरण आकसतं, आतून सारण फुगतं आणि सगळ्यात कच्चा सांधा आधी सुटतो.

चाचणी १३

यावर दोन गोष्टी एकदम केल्या. एका वेळी एकच बदल करावा हे मान्य आहे, पण अण्णांकडे पुन्हा पुन्हा जाणं शक्य नव्हतं.

पहिली चकतीची. पाय ३ मिमी जाड आणि चौकोनी होते. ते २ मिमी करून पुढच्या अंगाला सुरीसारखे निमुळते केले. आणि पायांपासून तोंडापर्यंतचं अंतर १२ वरून ४५ मिमी नेलं. हा भाग ४० मिमी व्यासापासून १८ पर्यंत निमुळता होत जातो, त्यामुळे फुटलेल्या वाटा एकत्र आल्यावर पीठ आणखी दाबलं जातं आणि सांधा धरायला वेळ मिळतो. हँडल फिरवायला बरंच जड झालं. माझे दाजी शनिवारी मदतीला येतात, त्यांनी चौकटच जमिनीला बोल्ट केली.

दुसरी पिठाची. भाकरी थापणाऱ्या कुणालाही हे सांगायची गरज नाही: ज्वारी चिकटायची असेल तर आधण हवं. साधारण ७० अंशांच्या पुढे ज्वारीतला स्टार्च पाणी पिऊन फुगतो आणि पिठाला बांधून ठेवतो. मी सगळी ज्वारी उकडली तर पीठ रबरासारखं होतं आणि भाजल्यावर खुटखुटीत होत नाही. एक तृतीयांश उकडून बाकीची कोरी मिसळणं मला जमलं. आताचं प्रमाण: मालदांडी ज्वारीचं पीठ ६०० ग्रॅम (त्यातलं २०० उकडीचं), कणीक ४००, शेंगदाणा तेल १३०, पिठीसाखर १२०, मीठ १०. पाणी पिठावर अवलंबून, माझ्याकडे ३०० मिलीच्या आसपास. ज्वारी मंगळवेढ्याची वापरतो. तिला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं हे खरं, पण मी ती घेतो कारण घरी वर्षभराची तीच भरलेली असते. मळून पाऊण तास ओल्या फडक्याखाली ठेवायचं. हे चुकवू नका.

चाळीस कांड्या काढल्या. एकीलाही उभी भेग नाही. पहिला ट्रे बाहेर काढला तेव्हा आई ओट्यापाशीच होती. तिने एक उचलली, मोडून पाहिली आणि म्हणाली, "आता ही गड्ड्याला नेता येईल." जानेवारीतली सिद्धेश्वरांची यात्रा अजून लांब आहे, पण ते वाक्य मी लिहून ठेवलं आहे.

चाचणी १४ : सारण

आवरण सुधारलं तसं सारणाचं दुखणं वर आलं. प्रत्येक घाण्याच्या पहिल्या चार-पाच कांड्यांत तेलकट पातळ सारण, शेवटच्या पाच-सहांत कोरडा भुगा आणि हँडल अडकायला लागायचं.

आपली शेंगा चटणी उखळात कुटतात आणि कुटताना सुटलेलं तेलच तिला धरून ठेवतं. मीही शेंगदाणा तसाच जाडसर कुटत होतो. दट्ट्याखाली मात्र गणित उलटं होतं. दाब आला की जाड कण नळीच्या तोंडाशी एकमेकांना अडवून बसतात आणि तेल त्यांच्यामधून आधी निसटतं. तेलाच्या घाण्यात होतं तेच. उपाय दोन : शेंगदाणा पार मऊ वाटायचा आणि तेल धरून ठेवायला डाळ्याचं पीठ घालायचं. शेंगदाणा ४०० ग्रॅमला ६० ग्रॅम डाळ्याचं पीठ. त्याहून जास्त झालं तर तोंडात बसतं.

सिलिंडर भरताना हवा राहू देऊ नका. हवा दबते आणि हँडल थांबवलं तरी सारण वाहत राहतं. मी आता सारणाचे रोल करून सिलिंडरमध्ये सोडतो आणि दर दोन रोलनंतर लाकडी दांड्याने ठासतो.

आणखी एक. पीठ आणि सारण सारखंच घट्ट हवं. दट्टे बांधलेले असल्याने प्रमाण बदलत नाही, पण सारण सैल असेल तर आवरण त्याला एका बाजूला ढकलतं. घट्टपणा मोजायला मी ८ मिमीची सळई वापरतो, वर २०० ग्रॅमचं वजन. पिठात दहा सेकंदांत किती मिमी बुडाली, सारणात किती. दोन्हींत २ मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर यंत्रात घालत नाही. सारण थंड होऊन घट्ट झालं तर सिलिंडरभोवती गरम पाण्यात पिळलेलं टॉवेल गुंडाळतो. टॉवेलच्या कारखान्यात मेंटेनन्सला आहे, त्याची घरात कमतरता नाही.

कापण्याबद्दल एकच सांगतो : धारदार सुरी नको. तिने टोक उघडं राहतं आणि सारण ओव्हनमध्ये बाहेर येतं. स्टीलच्या पट्टीची बोथट कड आवरणाला ओढून आत दाबते आणि टोक बरंचसं मिटतं.

चाचणी १५ आणि १६ : बरणी

ऑगस्टच्या पावसाळी हवेत नवा प्रश्न आला. भाजल्या दिवशी कुरकुरीत असलेली कांडी हवाबंद डब्यात आठ दिवसांत मऊ पडत होती. बाहेरची हवा लागत नव्हती, म्हणजे पाणी आतूनच येत होतं, सारणातून आवरणात.

हे मोजायचं महागडं यंत्र घेणं परवडणार नाही. पण छोटा डिजिटल आर्द्रतामापक आणि घट्ट झाकणाची काचेची बरणी यांवर काम भागतं. नमुना बरणीत, मापक बरणीत, झाकण बंद, एक दिवस थांबायचं. आतल्या हवेची आर्द्रता स्थिर झाली की तोच त्या पदार्थातल्या मोकळ्या पाण्याचा आकडा. मापक तपासायला मिठाचा ओला लगदा ठेवायचा. २५ अंशांना त्यावर ७५ टक्के दाखवायला हवं. माझा ७१ दाखवतो, म्हणून मी चार मिळवतो.

चाचणी १५ चं सारण ६६, आवरण ३१. आठ दिवसांनी दोन्ही ४८ च्या जवळ आणि कुरकुर संपलेली. ६० च्या खाली बुरशी येत नाही, तेव्हा खराब होण्याची भीती नव्हती. पण कांडीची चव तिच्या कुरकुरण्यात आहे.

आमच्याकडची कडक भाकरी डोळ्यासमोर होती. पातळ थापतात, पाणी पूर्ण उडेपर्यंत शेकतात, म्हणून टिकते. आणि सोबतची शेंगा चटणी कोरडी, तिला मऊ पाडत नाही. कांडीलाही तसंच सारण हवं होतं. चाचणी १६ मध्ये ३०० ग्रॅम गुळाला ९० ऐवजी ४० ग्रॅम पाणी घेतलं आणि मऊपणा वाटलेल्या शेंगदाण्याच्या तेलावर सोडला. गूळ विरघळला की लगेच उतरवायचा, पाक होऊ द्यायचा नाही. सारण ४५ अंशांना भरलं. गार झाल्यावर ते यंत्रातून जातच नाही.

बरणीत सारण ५२. २५ ग्रॅमची कच्ची कांडी १६० वर २४ मिनिटांनी २१.५ ग्रॅम झाली, आवरण २९. आठव्या दिवशी दोन्ही ३९. शेजारचा मित्र कांडी मोडून म्हणाला, "काय बे, ही कालची का?" ती नऊ दिवसांची होती.

आता खाऱ्या कांडीकडे वळतोय. सारण शेंगा चटणीचंच, पण कच्चा लसूण पाणी घेऊन येतो, म्हणून तो तेलात कोरडा होईपर्यंत तळून घालतोय. पहिला नमुना परवापासून बरणीत आहे; काल रात्री मापक ४४ दाखवत होता. अण्णांकडे बिनपायांची तोंडाची जोडी करायला टाकली आहे, सारणाची नळी बाजूने वळून आत येते अशी. त्यात तीनऐवजी एकच सांधा राहील. तुमच्यापैकी कुणी अशी वळणाची नळी बसवली असेल तर वळणानंतर सरळ भाग किती ठेवला ते कळवा. मी ५० मिमी सांगितला आहे आणि गुरुवारी ती ताब्यात मिळेल.