तार्तूतल्या उन्हाळी वर्गात रुळांची गोष्ट

एस्टोनियातल्या तार्तूत भू-राजकारणाच्या निवासी कोर्सला आलेय. हॉस्टेलमध्ये जेवण म्हणजे राय ब्रेड आणि बटाटे; मेतकुटाचा डबा जपून वापरतेय. रात्री साडेदहापर्यंत उजेड, त्यामुळे झोपेचं खोबरं.

पहिले तास 'सत्तासंतुलन' वगैरे. कोर्समध्ये खरा जीव आला तो रेल्वेच्या तासाला. इथले रूळ अजून रशियन मापाचे, दोन रुळांमधलं अंतर १५२० मिलिमीटर. पोलंडपासून पश्चिमेला १४३५. म्हणजे सीमेवर माल उतरवा, पुन्हा चढवा, नाहीतर डब्यांची चाकं बदला. युद्धात रणगाडे न्यायचे तरी हीच रड! म्हणून तालिनपासून रीगा, काउनासमार्गे वॉर्सापर्यंत 'रेल बाल्टिका' हा १४३५ चा नवा मार्ग बांधताहेत. मी मिरजेची. आमच्या जंक्शनवर एकेकाळी ब्रॉड, मीटर, नॅरो तिन्ही गेज होते, त्यामुळे हमालीचा खर्च मला वेगळा समजवावा लागला नाही.

विजेचंही तेच. फेब्रुवारी २०२५ पर्यंत तिन्ही बाल्टिक देशांच्या (एस्टोनिया, लाटव्हिया, लिथुआनिया) ग्रिडची फ्रीक्वेन्सी, म्हणजे वीजप्रवाहाची एकसारखी लय, मॉस्कोहून सांभाळली जायची. नाटोत आणि युरोपीय संघात येऊन वीस वर्षं झाली तरी! मला तर करारांपेक्षा या तारा जास्त बोलक्या वाटतात.

शनिवारी नार्वा या रशियाच्या सीमेवरच्या शहरात नेलं. नदीच्या अलीकडे हर्मन किल्ला, पलीकडे रशियाचा इव्हानगोरोद. माझी जॉर्जियन रूममेट पुलाकडे बघत म्हणाली, "आमच्याकडे नदीसुद्धा नाही, नुसतं तारेचं कुंपण." दक्षिण ओसेतियाबद्दल, म्हणजे जॉर्जियातून फुटलेल्या, रशियाच्या पाठबळावरच्या प्रदेशाबद्दल बोलत होती ती. सोमवारी त्यावरच तिचं प्रेझेंटेशन आहे. माझं मलाक्काच्या सामुद्रधुनीवर, आणि नकाशे अजून व्हायचेत.