पाझर कुठे सुटतो ते मोजताना

सच्छिद्र दगडातून पाणी खालपर्यंत पोचेल की मधेच अडेल, हे बघायला दगड लागत नाही. चौकोनी ग्रिड आणि रँडम आकडे पुरतात. ब्रॉडबेंट आणि हॅमर्स्ले या संशोधकांनी १९५७ मध्ये या प्रश्नाला गणिती रूप दिलं, तेही गॅस मास्कमधल्या कार्बनच्या निमित्ताने. मला ते पायथॉनमध्ये स्वतः करून बघायचं होतं.

सुरुवातीची मांडणी सोपी. प्रत्येक घराला ० ते १ मधला एक रँडम आकडा द्यायचा. तो ठरवलेल्या ‘पी’पेक्षा (घर उघडं असण्याच्या शक्यतेपेक्षा) लहान असेल तर घर उघडं, नाहीतर बंद. वरच्या ओळीत पाणी ओतायचं आणि चारी बाजूंची उघडी घरं भिजवत जायचं. यासाठी रिकर्शनच्या, म्हणजे फंक्शनने स्वतःलाच पुन्हा पुन्हा बोलावण्याच्या, फंदात पडू नये, हजारेक पातळ्यांनंतर पायथॉन हात टेकतो. भिजवायच्या घरांची साधी रांग ठेवली की भागतं.

२० बाय २० वर निकाल लहरी येतात: पी ०.५ असताना कधी पाणी उतरतं, ०.६५ला कधी अडतं. ५०० बाय ५०० केल्यावर मात्र ०.५७ला जवळजवळ कधीच उतरत नाही आणि ०.६१ला जवळजवळ नेहमी उतरतं. एवढ्याशा फरकात सगळं पालटतं, हे पडद्यावर बघण्यातच खरी मजा आहे.

दरवेळी नवा पी घेऊन सगळं परत चालवणं म्हणजे वेळ वाया. त्यापेक्षा सगळी घरं बंद ठेवून रँडम क्रमाने एकेक उघडत गेलो आणि शेजारची उघडी घरं ‘युनियन-फाइंड’ने, म्हणजे कोणतं घर कोणत्या गटात आहे याचा हिशेब ठेवणाऱ्या पद्धतीने, जोडत गेलो. वरच्या सगळ्या ओळीला जोडलेलं एक आणि खालच्या ओळीला जोडलेलं एक काल्पनिक घर. ती दोन ज्या क्षणी एका गटात येतील, तेव्हाचं उघड्या घरांचं प्रमाण टिपायचं. सरासरी ०.५९च्या आसपास येत राहिली. या उंबरठ्याचा, म्हणजे पाणी उतरू लागतं त्या पीचा, मान्य आकडा ०.५९२७ आहे, आणि तो असाच मोजून काढलेला. नेमकं सूत्र अजून कुणाला सापडलेलं नाही. घरांऐवजी त्यांना जोडणाऱ्या रेषा उघड्या-बंद केल्या तर उत्तर बरोबर १/२ येतं, हे गणितज्ञ केस्टेनने १९८० मध्ये सिद्ध केलं.

मग तिरक्या शेजाऱ्यांनाही वाट दिली. उंबरठा घसरून ०.४०७वर आला. घरांच्या या दोन्ही उंबरठ्यांची बेरीज १, आणि हा योगायोग नाही: वरून खाली फक्त सरळ पावलांची (तिरकी नसलेली) वाट नसेल, तर बंद घरांची डावीकडून उजवीकडे जाणारी, तिरकी पावलं चालणारी भिंत असलीच पाहिजे.