हबलच्या फोटोतले रंग खरे असतात का? तुम्ही विचारलंत म्हणून

म्हापशात आमच्या गच्चीवर दुर्बीण लावली की कोणीतरी विचारतंच, हबल या अवकाशातल्या दुर्बिणीचे ते रंगीत फोटो खरे असतात की सगळं फोटोशॉप? जानेवारीत शेजारच्या काकू मृगातला तेजोमेघ, म्हणजे वायू-धुळीचा ढग, बघून म्हणाल्या, "अगो, हा तर नुसता राखाडी धूर, फोटोत गुलाबी होता!" बरोबरच होतं त्यांचं, एवढ्या मंद उजेडात आपल्या डोळ्यांना रंग कळतच नाहीत, कॅमेरा मात्र बराच वेळ उजेड साठवत बसतो.

आणि हबलचा कॅमेरा मुळात कृष्णधवलच फोटो काढतो, एका वेळी एका फिल्टरमधून, म्हणजे ठरावीक रंगाचाच उजेड आत सोडणाऱ्या काचेतून. १९९५चा तो गरुड तेजोमेघातल्या वायू-धुळीच्या खांबांचा गाजलेला फोटो तीन फिल्टरांचा आहे, गंधकाला लाल दिला, हायड्रोजनला हिरवा, ऑक्सिजनला निळा. खरं तर हायड्रोजनचा तो प्रकाश ६५६ नॅनोमीटर तरंगलांबीचा आणि गंधकाचा ६७२च्या आसपास, म्हणजे डोळ्याला दोन्ही लालच, तसेच ठेवले असते तर कुठला वायू कुठे आहे ते कळलंच नसतं. जेम्स वेब ही दुसरी अवकाश दुर्बीण बहुतेक इन्फ्रारेडमध्ये बघते, ते तर आपल्याला दिसतच नाही, मग लांब तरंगलांबीला लाल, आखूडला निळा, क्रम तेवढा सांभाळतात. पावसात आपण मोबाईलवर उपग्रहाचा रंगवलेला फोटो बघतो ना, तिथला रंग ढगाचा माथा किती थंड आहे ते सांगतो, तेव्हा कोणी खोटं म्हणत नाही.

मग यात कला नाही का? आहे की! वेबच्या करिना तेजोमेघाच्या फाइल्स मी उतरवून घेतल्या, पहिली उघडली तर काळाकुट्ट स्क्रीन आणि चार पांढरे ठिपके, वाटलं फाइलच बिघडली. मग मंद भाग हळूहळू उजळवत गेले तसा धुळीचा तो कडा वर यायला लागला, रात्रीचे दोन वाजले तरी उठवेना. किती उजळायचं, कुठे थांबायचं हे माणूसच ठरवतो. पण नसलेला तारा घालायचा नाही, आणि कुठल्या फिल्टरला कुठला रंग दिला ते लिहायचंच. व्हॉट्सॲपवर फिरताना नेमकी तीच ओळ कापलेली असते, त्याचा मला खरंच राग येतो.

काकूंना मग मी खांबांचे सुटे कृष्णधवल फोटो दाखवले. ऑक्सिजनवाल्यात खांब काळे, भोवती उजेड, गंधकवाल्यात त्यांच्या कडा चमकतात. चहा निवला तरी त्या दोनच फोटो पुढेमागे करत बसल्या होत्या.