तारकर्लीत पॅरासेलिंग: लेकीला वर सोडण्याआधी मी काय काय बघितलं

दीवच्या नागवा किनाऱ्यावरचा तो व्हिडिओ तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. नोव्हेंबर २०२१. गुजरातचं एक जोडपं पॅरासेलिंगसाठी वर गेलं, बोटीला बांधलेला दोर तुटला आणि दोघं पॅराशूटसकट भरकटत जाऊन समुद्रात पडले. अंगात लाइफ जॅकेट होतं म्हणून वाचले. त्याच महिन्यात अलिबागजवळ वरसोलीच्या किनाऱ्यावर दोन महिलांच्या बाबतीत तेच घडलं. दोर तुटला, पाण्यात पडल्या, सुदैवाने त्याही वाचल्या.

दिवाळीच्या सुट्टीत तारकर्लीला जायचं ठरलं आणि लेकीने पॅरासेलिंगचा हट्ट धरला, तेव्हा आमच्या ह्यांनी मला हेच व्हिडिओ दाखवले. त्यांचं म्हणणं सरळ होतं, नको म्हणजे नको. मला मात्र सरसकट नाही म्हणायचं नव्हतं. बारा वर्षांची मुलगी, आज आपण भीतीपोटी अडवू, उद्या कॉलेजच्या मैत्रिणींबरोबर जाऊन कुठल्याही बोटीवर चढेल. मी म्हटलं, अहो, दोर का तुटतो ते आधी समजून घेऊया. समजलं आणि पटलं तर जाऊ, नाहीतर तिला मीच समजावते.

मग निघायच्या आधी संध्याकाळी बसून वाचलं, माहितीतल्या लोकांना विचारलं. एक गोष्ट सगळीकडे पुन्हा पुन्हा येत होती: वारा. पॅराशूटवर पडणारी ओढ वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाने वाढते. म्हणजे वारा दुप्पट झाला की ओढ दुप्पट नाही, चौपट होते. त्यात बोट वाऱ्याच्या तोंडावर चालवतात, म्हणून बोटीचा वेग त्यात मिळतो. दुसरीकडे दोर. तो रोज खाऱ्या पाण्यात भिजतो, उन्हात वाळतो, बोटीवर तो गुंडाळायचा ड्रम असतो त्यावर घासतो, आणि पॅराशूटकडचं टोक सगळ्यात आधी झिजतं. चांगले बोटवाले ते टोक ठरावीक काळाने कापून टाकतात आणि ताज्या दोराला पुन्हा जोडणी करतात. जिथे मध्येच गाठ मारलेली असते तिथे दोराची ताकद खूपच कमी होते. जुना दोर आणि वाढलेला वारा एकाच दिवशी एकत्र आले की जे व्हायचं ते होतं.

बोटीचं इंजिन बंद पडलं तर काय, हा माझा दुसरा प्रश्न होता. उत्तर ऐकून थोडा धीर आला. वारा बेताचा असेल तर पॅराशूट हळूहळू खाली येतं, माणूस पाण्यात उतरतो आणि लाइफ जॅकेटवर तरंगत राहतो. खरा धोका जोराच्या वाऱ्यात आहे, कारण तेव्हा पॅराशूट मिटतच नाही, माणसाला ओढत नेतं. अमेरिकेत फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर ३० मे २०२२ ला असंच झालं. अचानक वादळी वारा सुटला, पॅराशूट आवरेना, बोटवाल्याने दोर कापला. वर एक आई आणि दोन लहान मुलं होती. ती तिघं पाण्यावरून फरफटत जाऊन एका जुन्या पुलावर आदळली. मुलं वाचली, आई गेली. सुट्टीला आलेलं कुटुंब होतं ते. वाचून मी बराच वेळ मोबाईल बाजूला ठेवला होता.

त्याच फ्लोरिडात २०१४ पासून कायदा आहे की सलग वारा ताशी २० मैलांच्या, म्हणजे साधारण ३२ किलोमीटरच्या वर गेला की पॅरासेलिंग बंद. सात मैलांच्या आत वीज चमकत असेल तरी बंद. हा आकडा मला फार उपयोगी पडला. लेक हलकी आहे, जेमतेम पस्तीस किलोची, म्हणून मी आमच्यापुरती मर्यादा ताशी २० किलोमीटर ठरवली. त्यावर वारा असेल तर विषय संपला. मोबाईलवरच्या हवामानाच्या ॲपमध्ये वाऱ्याचा वेग तासागणिक दिसतो. तो बघायची सवय घरातल्या सगळ्यांना लावली, सासूबाईंनासुद्धा.

आणि शाळेच्या भूगोलातले खारे वारे, मतलई वारे आठवले. दिवस चढला की जमीन तापते आणि समुद्राकडून वारा सुटतो, दुपारी त्याला जोर येतो. रात्री आणि पहाटे उलटं, जमिनीवरून मंद वारा समुद्राकडे. आपण पर्यटक मात्र काय करतो? सकाळी उशिरा उठून घावणे-चटणी खातो, किल्ला बघतो, दुपारी सुरमई थाळी जेवतो आणि तीन-चार वाजता किनाऱ्यावर जाऊन पॅरासेलिंगची चौकशी करतो. नेमकी वाऱ्याची वेळ. कोणी हे सांगत नाही, कारण धंद्याची वेळही तीच असते.

पहिल्या दिवशी संध्याकाळी आम्ही नुसती चौकशी करायला किनाऱ्यावर गेलो. एका ठिकाणी पाच खेळांचं पॅकेज होतं: जेट स्की, बनाना राइड, बंपर, स्पीड बोट आणि पॅरासेलिंग. तिथला मुलगा बोलायला गोड होता, पण मी परवाना विचारला तेव्हा म्हणाला, "ताई, सगळं आहे, शेठकडे आहे." आज वारा किती आहे विचारलं तर हसला. सात वर्षांच्या आमच्या धाकट्याकडे बघून म्हणाला, "याला पण सोडतो, काही होत नाही." बोट किनाऱ्याला लागलेली होती, म्हणून मी जवळ जाऊन दोर पाहिला. ड्रमपासून दोनेक हातांवर एक गाठ होती, आणि गाठीच्या खाली दोराचे धागे सुटून पिंजारलेले होते. हात लावला तर मिठाने कडक झालेला, बोटाला टोचत होता. टांगलेली लाइफ जॅकेटं सगळी एकाच मापाची, मोठ्या माणसाची. त्यातल्या दोन जॅकेटांचं बकल तुटलेलं, तिथे नाडी बांधलेली. मी लेकीला घेऊन परत आले. ती रडली. रडू दे म्हटलं.

रात्री होमस्टेच्या काकूंना सांगितलं. त्या म्हणाल्या, माझ्या दिराच्या ओळखीचा एक तांडेल, म्हणजे बोट चालवणारा, आहे, त्याच्याकडे जा, पण तो सकाळचाच सोडतो. महाराष्ट्र सागरी मंडळाचा परवाना लागतो आणि मालवणच्या बंदर कार्यालयात कोणाकडे परवाना आहे ते कळतं, हेही त्यांनीच सांगितलं. आपल्या किनाऱ्यावर २६ मे ते ३१ ऑगस्ट जलक्रीडा बंद असतात हे मला माहीत होतं, पण हंगामाच्या कडेचे दिवससुद्धा जपून असायचे, हे काकू पोटतिडकीने बोलल्या. २४ मे २०२२ ला तारकर्लीला स्कूबाहून परतणारी बोट उलटली होती आणि त्यात पर्यटकांचे जीव गेले होते. गावातल्या माणसांच्या मनात ते अजून आहे.

दुसऱ्या दिवशी आवरून किनाऱ्यावर पोचेपर्यंत साडेदहा झाले. तांडेलाने आमच्याकडे पाहिलं, मग समुद्राकडे. लांबवर पाण्यावर पांढरी फुलं दिसायला लागली होती, म्हणजे लाटांचे शेंडे फुटत होते. ॲपवर तेव्हा १८ दिसत होते, माझ्या मर्यादेच्या आत. तो मात्र म्हणाला, "आता नको. वारो वाढतलो. उद्या सकाळी येवा, सात वाजता. दर्यो खंय जाता?" समोर पैसे द्यायला तयार असलेलं कुटुंब, दिवाळीचा हंगाम, आणि तो माणूस नाही म्हणाला. ह्यांचा विरोध तिथेच निम्मा संपला. परतताना ते म्हणाले, जो नाही म्हणू शकतो त्याच्याबरोबर पाठवायला हरकत नाही.

तिसऱ्या दिवशी सातला आम्ही हजर. समुद्र तेलासारखा शांत होता. तांडेलाने परवान्याची प्रत बोटीतच प्लॅस्टिकमध्ये ठेवली होती, न मागता दाखवली. त्याच्या हाताखालचा मुलगा गोव्यात पणजीजवळच्या राष्ट्रीय जलक्रीडा संस्थेत बोट चालवायचं आणि जीवरक्षकाचं प्रशिक्षण घेऊन आलेला. दोर मला हातात घेऊन बघू दिला. गाठ नव्हती, टोक नीट शिवून कडीत बसवलेलं होतं. दोर किती जुना, असं विचारलं तर त्याने वही काढली. कधी आणला आणि टोक कधी कापलं, दोन्ही लिहिलेलं होतं.

लाइफ जॅकेट घालायची त्याची पद्धत मी आता सगळ्यांना सांगते. बकलं लावून पट्टे आवळल्यावर त्याने लेकीला दोन्ही हात वर करायला सांगितले आणि जॅकेट खांद्यांपाशी धरून वर ओढलं. हनुवटीच्या वर सरकलं तर ते माप चुकीचं. पहिलं सरकलं. त्याने दुसरं, लहान काढलं, ते जागचं हललं नाही. मग हार्नेस, म्हणजे ज्यात बसून वर लटकायचं तो पट्ट्यांचा संच. मांडीचे पट्टे इतके घट्ट की फक्त दोन बोटं जातील. वरच्या दांडीला अडकवायच्या हुकांची कुलूपं त्याने स्वतः फिरवली आणि मग आम्हालाही एकेक फिरवून बघायला लावली. पाण्यात पडलो तर काय करायचं ते किनाऱ्यावरच शिकवलं: घाबरून हुक सोडायला जायचं नाही, जॅकेटवर पाठीवर तरंगायचं, पॅराशूट अंगावर आलं तर हाताने वर उचलून श्वास घ्यायचा, दोऱ्यांत पाय मारायचे नाहीत, बोट येईपर्यंत थांबायचं. खाली आणा म्हणायचं असेल तर कोणती खूण करायची, तीही ठरवली. लेकीकडून सगळं पुन्हा म्हणवून घेतलं.

धाकट्याला त्याने साफ नकार दिला. वीस किलोच्या मुलासाठी त्याच्याकडे हार्नेस नव्हतं, आणि मोठ्यांच्या हार्नेसमधून लहान अंग घसरू शकतं. ह्यांना कमरेचा त्रास आहे हे कळल्यावर त्यांनाही बोटीतच बसायला सांगितलं. म्हणून मी आणि लेक, दोघीच.

वर जाणं फार संथ असतं. विंच, म्हणजे बोटीवरचं दोर गुंडाळायचं यंत्र, दोर सोडत जातं आणि बोट लहान होत जाते. लेकीने माझं मनगट घट्ट धरलं होतं, मग हळूच सोडलं. उजवीकडे समुद्र, डावीकडे कर्ली नदीची खाडी आणि मध्ये देवबागची अरुंद पट्टी, माडांनी भरलेली. मागे वळून पाहिलं तर उत्तरेला सिंधुदुर्ग किल्ल्याचा तट दिसत होता. लेक म्हणाली, "आई, शांत आहे गं किती." खरंच होतं, बोटीचा आवाज वर येत नव्हता. खाली ह्यांनी दोन वेळा हात केला. तांडेलाच्या हाताखालचा तो मुलगा सबंध वेळ आमच्याकडेच तोंड करून उभा होता, त्याने एकदाही पाठ फिरवली नाही. हेही बघून घ्या: बोट चालवणारा एक आणि वर नजर ठेवणारा दुसरा, अशी किमान दोन माणसं हवीतच. दोन्ही कामं एकच माणूस करत असेल तर चढू नका.

उतरताना विंचने दोर ओढत आणून आम्हाला थेट बोटीच्या मागच्या फळीवर उतरवलं. आधी पाय पाण्यात बुडवायचे का विचारलं, लेक हो म्हणाली. जीपला दोर बांधून वाळूवर पळवत उडवतात आणि वाळूवरच उतरवतात, तसलं पॅरासेलिंग मी मुलांना करू देणार नाही. पाण्यावर पडलं तर जॅकेट आहे, वाळूवर पडलं तर काहीच नाही.

आणखी एक काम घरूनच करा. तुमच्या अपघात विम्याच्या कागदांत साहसी खेळ वगळलेत का ते बघा. आमच्या पॉलिसीत वगळलेले होते, हे एजंटला फोन केल्यावरच कळलं. किनाऱ्यावर सही करायला देतात त्या कागदावर 'सर्व जबाबदारी पर्यटकाची' असं छापलेलं असतं. सही करण्याआधी तो निदान पूर्ण वाचा, आणि पैसे दिल्याची पावती परवाना क्रमांकासह मागून घ्या.

आम्ही उतरलो तेव्हा किनाऱ्यावर एक कुटुंब वाट बघत होतं, चारेक वर्षांच्या मुलीला घेऊन. तांडेलाने मुलीला नाही म्हटलं तसे ते चिडले आणि पहिल्या दिवशीच्या त्या पॅकेजवाल्याकडे निघाले. मी मागून गेले, गाठ मारलेल्या दोराचं सांगितलं. आईने ऐकलं, बाबा ऐकायला तयार नव्हते. शेवटी मुलगी काठावर आईजवळ राहिली, एवढंच झालं.

त्याच दुपारी मालवणला गेलो तेव्हा मी बंदर कार्यालयात लेखी तक्रार दिली. ठिकाण, वेळ, दोराची गाठ, तुटलेली बकलं, परवाना न दाखवणं, सगळं लिहिलं. दोराचा आणि जॅकेटांचा फोटो ह्यांनी काढून ठेवला होता, तो जोडला. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घेतली.